केशवर्धक औषधें : खरें किती, भ्रम किती?



वसमतच्या पेठेंत हळदीचा व्यवहार ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. काढलेली हळद शिजवितात, उन्हांत वाळवितात आणि मग ढोलांत फिरवून तिला पॉलिश करतात. पॉलिशनें हळकुंड लखलखतें. परंतु गाभ्यांतील कुर्कुमिन त्यानें रतिमात्रहि वाढत नाहीं. तें वाणावर, जमिनीवर व खतपाण्यावर आधींच ठरलेलें असतें. केसांना वरून लावावयाच्या बहुतेक पदार्थांची गोष्ट अशीच आहे.

मनुष्याच्या डोक्यावर सुमारें एक लक्ष केस असतात. आपल्या दृष्टीस पडतो तो केसाचा भाग केराटिन नांवाच्या प्रथिनाचा निर्जीव तंतु होय. सजीव असतें तें त्वचेखालचें मूळ, आणि त्याचें पोषण रक्तांतून होतें. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या गतीनें कांहीं वर्षें वाढतो, सुमारें तीन महिने विश्रांति घेतो आणि गळतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणें हा निसर्गक्रमच समजावा.

मग तेल लावूं नये काय? अवश्य लावावें, मात्र त्यापासून काय पदरीं पडतें तें ओळखून लावावें. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनीं २००३ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. खोबरेल केसाच्या तंतूंत शिरतें व धुतांना-विंचरतांना होणारी प्रथिनांची झीज कमी करतें, सूर्यफुलाच्या व खनिज तेलांत तो गुण नाहीं, असें त्यांना आढळलें. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हें ध्यानांत ठेवावें. पण त्या निबंधाचा दावाहि झीज थांबविण्याचा आहे, नवे केस उगविण्याचा नाहीं! शांपू मळ काढतो, कंडिशनर तंतूवर पातळ लेप देऊन गुंता कमी करतो. दुभंगलेलें टोंक मात्र कोणासहि कायमचें सांधतां येत नाहीं. तें कापावेंच लागतें.

“पण आमच्या शेजारीणबाईंना अमुक तेलानें गुण आला,” असें आपण म्हणाल. त्याचें कारण ऐका. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा कडक लंघन यांनंतर दोनतीन महिन्यांनीं केस मुठीमुठीनें गळतात. २०२० नंतर कोविडमधून उठलेल्या पुष्कळांना हा अनुभव आला. मुळें जिवंत असल्यामुळें ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. घाबरलेला मनुष्य नेमक्या याच काळांत नवी बाटली आणतो, आणि निसर्गाचें श्रेय बाटलीच्या पदरांत पडतें.

गोळ्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण त्यांतील द्रव्य थेट रक्तांत जातें. डिसेंबर २०२४ पासून बुलढाणा जिल्ह्याच्या शेगांव तालुक्यांतील बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि गांवीं लोकांचे केस नुसता हात लावतांच निघूं लागले, आणि तीनचार दिवसांत टक्कल पडूं लागलें. १८ गांवांतील २७९ माणसांची नोंद झाली. त्यांत तरुण मुलीहि होत्या. त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, तें सांगावयास नको. प्रथम संशय पाण्यावर व बुरशीवर गेला. पुढें रुग्णांच्या शरीरांत सेलेनियमचें प्रमाण फार वाढलेलें आढळलें, आणि विंचूदंशावरील संशोधनासाठीं विख्यात असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं याचें कारण शिधावाटपाच्या गव्हांत असल्याचें मत मांडलें.

हेंच सेलेनियम ‘केसांसाठीं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांच्या वेष्टनावर मिरवीत असतें! शरीराला तें दिवसाकांठीं ४० ते ५५ मायक्रोग्रॅम, म्हणजे अत्यल्प, लागतें. अमेरिकेंत २००८ सालीं एका पातळ पूरकांत तें लिहिलेल्या प्रमाणाच्या सुमारें २०० पट पडलें. २०१ लोकांना बाधा झाली, आणि त्यांतील पुष्कळांचे केसच गळले. जें उणें आहे तें भरून काढणें हितावह. जें पुरेसें आहे त्यांत भर घालणें अपायकारक.

बायोटिनची उणीव क्वचितच आढळते. उलट त्याच्या मोठ्या मात्रेमुळें हृदयविकाराच्या रक्ततपासणीचा निष्कर्ष चुकूं शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनीं २०१७ मध्यें दिला. आपल्याकडील खरी उणीव लोहाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षीण आढळल्या. अशा स्त्रीचे केस गळत असतील, तर सुगंधी तेलांत पैसे घालवून दुखणें लांबविण्यापेक्षां रक्त तपासून घेणें शहाणपणाचें.

आनुवंशिक टकलावर मिनॉक्सिडिल हें खरोखर गुणकारी औषध आहे. मूळचें तें रक्तदाबाचें. १९८८ सालीं अमेरिकेंत त्याला केसांसाठीं मान्यता मिळाली. परंतु तें सोडतांच लाभ ओसरतो, म्हणून वैद्यकीय सल्ल्यावांचून घेऊं नये. आपल्या देशांतील १९४५ च्या औषध-नियमांच्या ‘जे’ परिशिष्टांत, जे रोग बरे करण्याचा दावा औषधानें करूं नये, त्यांच्या यादींत टक्कल आहे, हेंहि जाहिरात वाचतांना आठवावें.

सारांश, गळती एकाएकी सुरू झाली, चकंदळें पडलीं किंवा तीन महिन्यांहून अधिक चालली, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावें. एरव्हीं डाळ, उसळ, पालेभाजी, दूध, मानवत असेल तर अंडें, आणि पुरेशी झोंप, हें केसांचें खतपाणी. तेल हवें तर अवश्य लावावें. त्याच्याकडून चकाकीची अपेक्षा ठेवावी, चमत्काराची ठेवूं नये.