गुण सांगावेत, पण कोणत्या शब्दांत?

परवा दिवेलागणीच्या सुमारास शेजारची मुलगी एक कागद घेऊन आली. “काका, एवढं जरा बघता का? उद्या पाठवायचाय.” पुण्याच्या एका कचेरीत नोकरीसाठी केलेला तो अर्ज होता. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि अर्ज इंग्रजीत! सोलापूरच्या पूर्व भागातल्या पुष्कळ घरांत असा तीन भाषांचा संसार चालतो.

स्वतःविषयी तिने लिहिले होते : ‘हार्डवर्किंग, सिन्सिअर, ऑनेस्ट, पंक्च्युअल.’ शब्द एकही चुकला नव्हता. पण हेच चार शब्द याच क्रमाने मी इतक्या अर्जांत वाचले आहेत की, अर्ज कोणाचा आहे हे नाव पाहिल्यावाचून कळू नये.

“तू पंक्च्युअल कशावरून?” मी विचारले.

ती हसली. “काका, तसं लिहायचंच असतं!”

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांनी ‘तसं लिहायचंच असतं’ म्हणूनच लिहिले आहे. खरे म्हणजे या शब्दांचे मूळ पाहिले तर मोठी मौज वाटते. ‘पंक्च्युअल’च्या मुळाशी लॅटिनमधला टोक किंवा ठिपका या अर्थाचा शब्द आहे, बरोबर त्या ठिपक्यावर हजर तो पंक्च्युअल. ‘सिन्सिअर’ म्हणजे मुळात शुद्ध, भेसळ नसलेला. ‘ॲम्बिशस’ या शब्दाचे मूळ रोमन उमेदवारांच्या मतांसाठी दारोदार फिरण्यात आहे. ‘मेटिक्युलस’ म्हणजे बारकाईने काम करणारा. पण त्याचे मूळ आहे भीती! आणि ‘डिलिजंट’, म्हणजे आपला कामसू, हा शब्द ज्या क्रियापदापासून आला त्याचा अर्थ आवडणे, मोलाचे मानणे असा आहे.

आणखी एक सावधगिरी हवी. आपण ‘साधा माणूस’ कौतुकाने म्हणतो. पण इंग्रजीत स्वतःला ‘सिंपल’ म्हणवून घेतले तर ऐकणारा अडाणी असा अर्थ घेण्याचा संभव असतो. ‘आय वर्क हार्ड’ म्हणजे मी कष्ट करतो; उत्साहाच्या भरात ‘हार्डली’ लिहिले की ‘मी फारसे काम करीत नाही’ असा कबुलीजबाब होतो!

पण शब्द नेमका निवडला तरी त्याच्यामागे काम हवे. आपल्या गावची जुनी गिरण १८७७ साली सुरू झाली. पुढे गिरण्यांच्या भोंग्यावर गाव उठे, जेवी आणि निजे. भोंग्याआधी फाटक गाठणाऱ्या हजारो कामगारांनी आपण वक्तशीर आहोत असे कुठे लिहून दिले नव्हते. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. बाकीचे चौघे परतले. कोटणीस तिकडेच रुग्णसेवा करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांच्यासाठी कोणता इंग्रजी शब्द योजावा? कोणताही योजा, त्याला वजन येते ते त्या चार वर्षांमुळे.

म्हणून मी तिला म्हटले, “शब्द राहू दे बाजूला. तू केलंस काय ते सांग. मराठीत सांग.”

बराच वेळ ती गप्प होती. मग हळूहळू बोलू लागली. वडिलांचे चार यंत्रमाग आहेत, चादरी निघतात. दोन वर्षांपूर्वी ते आजारी पडले, तेव्हापासून वही हिच्याकडे. सूत किती आले, माल किती गेला, कोणाची किती मजुरी, सगळे हीच पाहते. मजुरीचा दिवस एकदाही चुकला नाही. एका व्यापाऱ्याच्या बिलातली चूकही हिनेच शोधून काढली होती.

“अगं, मग हे अर्जात का नाही?”

“ते घरचं काम, काका. ते काय लिहायचं?” तिने मान खाली घातली. मागाचे नाव कचेरीत शोभणार नाही, असे तिला वाटत होते, हे मला तेव्हा कळले. जे सांगण्यासारखे होते तेच तिने लपवले होते.

आम्ही ते चार शब्द खोडले. त्यांच्या जागी तीन सोपी वाक्ये आली : चार मागांचा हिशेब दोन वर्षे ठेवला, मजुरी दर आठवड्याला वेळेवर दिली, बिले ताडून पाहिली. शेवटी एकच विशेषण ठेवावे असे ठरले. ‘मेटिक्युलस’ तिला भारदस्त वाटत होता. मी दोन्ही शब्दांची मुळे सांगितली. क्षणभर विचार करून तिने लिहिले, ‘डिलिजंट’.

आपल्या घरातही दिवाळीनंतर कोणी मुलगा, कोणी मुलगी असा अर्ज लिहायला बसेल. त्यांच्या हाती शब्दकोश जरूर द्यावा. पण त्याआधी जवळ बसून विचारावे, “बाळ, तू काय काय केलंस ते सांग पाहू.”

अर्ज दुसऱ्या दिवशी गेला. उत्तर अजून यायचे आहे. वही मात्र रोज लिहिली जाते.