मॅगीची पत

पत जायला एक दिवस पुरतो, हे बँकेच्या नोकरीत मी अनेकदा पाहिले. जून २०१५ मध्ये मॅगीचे तेच झाले. शिसे मर्यादेपेक्षा जास्त असल्याचा ठपका आला, देशभर बंदी झाली आणि आमच्या वाशीमच्या किराणा दुकानांतूनही पिवळी पाकिटे हटली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीची बाजू ऐकलेली नव्हती, तपासणाऱ्या प्रयोगशाळाही मान्यताप्राप्त नव्हत्या. मात्र विक्रीपूर्वी मोहाली, जयपूर, हैदराबाद येथे फेरतपासणीची अट घातली. तिन्हीकडून निर्वाळा मिळाल्यावर दिवाळीच्या तोंडावर मॅगी परतली. मुले हरखली. मला मोलाची वाटली ती अट. कर्जदार कितीही ओळखीचा असो, कागद तपासावेच लागतात. मग मुलांच्या खाऊचे का नाही?