टेनिस एल्बो आणि कोपरातली सुई

टेनिस एल्बो हे मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूच्या कंडरेचे दुखणे आहे. ही कंडरा कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाला चिकटते. मूठ आवळून तीच हालचाल सतत केली की तिचे तंतू झिजतात. बहुतेक रुग्णांनी टेनिसची रॅकेट कधी हातात धरलेली नसते. शिरूर तालुक्यात कवठे येमाईच्या परिसरात हाताने धारा काढणारे, विळ्याने कांद्याची पात कापणारे, दिवसभर खुरपणारे हात यात सापडतात. भरलेली कळशी उचलताना किंवा ओले लुगडे पिळताना कळ थेट मनगटापर्यंत जाते.

‘एक सुई घेतली की कोपर कायमचे बरे’ हा समज काही केल्या जात नाही. ही सुई बहुधा स्टेरॉइडची असते. तिने आराम पडतो, हे खरेच. पण तो टिकत नाही. 2002 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या डच अभ्यासात सहा आठवड्यांनी सुई घेतलेल्यांपैकी 92 टक्के सुधारले होते, नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी 32 टक्के. वर्षअखेर पारडे फिरले: सुईवाले 69, वाट पाहणारे 83, फिजिओथेरपीवाले 91 टक्के. 2013 च्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात स्टेरॉइड घेतलेल्या 54 टक्के जणांचे दुखणे उलटले; नुसते मिठाचे पाणी टोचलेल्यांत हे प्रमाण 12 टक्के होते. जुनाट दुखण्यात सुजेपेक्षा झीज जास्त असते, आणि स्टेरॉइड झीज भरून काढत नाही. तरीही लोक पुन्हापुन्हा तीच सुई मागतात, हे चिंतेचे आहे. मधुमेह्यांची साखर तिने काही दिवस वाढते, टोचल्या जागी कातडी पांढरी आणि पातळ पडू शकते.

‘स्वतःच्या रक्ताची सुई म्हणजे पीआरपी हमखास लागू पडते’ हाही समजच. 32 अभ्यास तपासणाऱ्या 2021 च्या कॉक्रेन आढाव्यात तिचा म्हणण्याजोगा फायदा दिसला नाही. खर्च मात्र मोठा. औषध न भरता नुसती सुई टोचण्याच्या ड्राय नीडलिंगचे अभ्यास छोटे आहेत. ॲक्युपंक्चरने थोडे दिवस आराम पडू शकतो, त्यापुढचा पुरावा तोकडा.

‘ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही’ हा समज सचिन तेंडुलकरच्या मे 2005 मधल्या लंडनच्या शस्त्रक्रियेने पक्का झाला. बहुतेकांना तिची गरज पडत नाही.

हात गळ्यात बांधून ठेवल्याने स्नायू आणखी दुबळे होतात. कळ आणणारे काम काही आठवडे कमी करावे. हात टेबलावर टेकवून, तळवा जमिनीकडे ठेवून, हलके वजन मनगटाने सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा पकड अचानक गेली असेल, तर दुखणे वेगळे असू शकते. तेव्हा आधी तपासणी.