कराटे शिकणाऱ्या मुलामुलींचा खुराक आणि व्यायाम



हल्ली गावोगावी शाळेच्या मैदानावर किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर एक नवे दृश्य दिसते. पांढरे कपडे घातलेली, कमरेला पट्टा बांधलेली मुलेमुली ओळीने उभी राहून एका आवाजात हातपाय चालवतात. कराटे आता शहरापुरते राहिलेले नाही. मुलींना स्वतःचे रक्षण करता यावे म्हणून समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांत तीन महिन्यांचे प्रशिक्षण दिले जाते. ते संपल्यावर गोडी लागलेली मुले तालुक्याच्या क्लासला जाऊ लागतात.

मग घरात प्रश्न उभे राहतात. पोराची भूक अचानक वाढते. मांड्या दुखतात म्हणून ते रात्री कण्हते. आणि एक दिवस येऊन सांगते, "बाबा, प्रोटीनचा डबा पाहिजे." डब्याची किंमत दोन-तीन हजार रुपये! शिवारात फिरताना पिकाचे बोलून झाले, की पालक हळूच मला याबद्दल विचारतात. मी डॉक्टर नव्हे, शेतीशास्त्राचा पदवीधर आहे. पण वाढत्या जिवाला काय, किती आणि केव्हा द्यावे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पिकासाठी आणि गोठ्यातल्या कालवडीसाठी तो आपण रोजच सोडवतो. तोच हिशेब आज घरातल्या पोरासाठी मांडू.

हा खेळ शरीराकडून काय मागतो?

कराटे मूळचे जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटाचे. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ते' म्हणजे हात. गिचिन फुनाकोशी नावाच्या शिक्षकाने १९२२ साली टोकियोत त्याची प्रात्यक्षिके दाखवली आणि तिथून ही विद्या पसरली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेचा समावेश होता; २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो नव्हता.

शिक्षणाचे तीन भाग असतात. पहिला मूळ ठोसे, लाथा आणि अडवणूक यांचा सराव. दुसरा 'काता', म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी. तिसरा 'कुमिते', म्हणजे जोडीदाराशी लढत. नवशिक्याचे पहिले काही महिने बहुतेक पहिल्या भागातच जातात. गुडघे वाकवून खाली बसल्यासारखे उभे राहणे, एका पायावर तोल धरून लाथ मारणे, कमरेच्या झटक्याने ठोसा मारणे यात सगळा भार मांड्या, पोट आणि कमर यांवर येतो. म्हणजे पोराला दंडाच्या बेटकुळ्या नकोत. भक्कम पाय, तोल आणि दम हवा.

गरज किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांच्या पोषणगरजांचे आकडे दिले आहेत. १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम आणि मुलीला ४३ ग्रॅम प्रथिने लागतात. १६ ते १८ वर्षांच्या मुलाला ५५ आणि मुलीला ४६ ग्रॅम. अंगमेहनतीचा खेळ खेळणाऱ्याने याहून थोडे जास्त धरावे.

आता घरचे ताट मोजू. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. दिवसभरात ३०० ग्रॅम पिठाच्या चार भाकरी खाल्ल्या, तर ३० ग्रॅम झाली. दोन्ही वेळची मिळून ६० ग्रॅम डाळ किंवा मटकी, हुलगा, चवळी यांची उसळ केली, तर आणखी १३. पाव लिटर दुधाची ८. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांची ७. बेरीज ५८ ग्रॅम. ज्यांच्या घरी चालते त्यांनी एक अंडे दिले, तर आणखी ६ ग्रॅम. कुठे लागला डबा?

भाकरी आणि डाळ एकत्र खाण्यातही मोठे शहाणपण आहे. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो आणि डाळीत तो भरपूर असतो. एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपण तुरीचे आंतरपीक घेतो, तसेच हे ताटातले आंतरपीक समजा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. नुसत्या प्रथिनांनी भागत नाही, पोटभर अन्न लागते. ते कमी पडले, तर शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळते. चुलीत सागाची फळी घालण्यासारखेच ते! म्हणून वरच्या हिशेबाशिवाय भात, भाजी, तेल, गूळ, केळी, रताळी, चिक्कू, जे हंगामात असेल ते द्यावे. क्लास सुरू झाल्यावर पोराने एक भाकरी जास्त मागितली, तर ती चांगलीच खूण आहे.

पिकते घरात, पण ताटात येते का?

आता थोडे कडू बोलतो. वरचा सगळा जिन्नस शेतकऱ्याच्या घरात असतो आणि तरीही पोरांच्या पोटात जात नाही. सकाळचे दूध मापाने डेअरीला जाते, घरात चहापुरते उरते. अंडी बाजारात जातात. शेंगा पोत्याने विकल्या जातात आणि मग दुकानातून पाच-दहा रुपयांच्या कुरकुरीत पुड्या येतात.

दूध विकू नका असे मी म्हणणार नाही. त्यावर घर चालते हे मला ठाऊक आहे. पण वाढत्या वयाच्या प्रत्येक मुलामागे अर्धा लिटर दूध आधी काढून ठेवा आणि मग किटली भरा. अर्ध्या लिटरात सुमारे १६ ग्रॅम प्रथिने आणि ६०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. या वयात हाडांसाठी दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. उरलेल्यासाठी नाचणीची भाकरी किंवा आंबील, तिळाची चटणी आणि शेवग्याचा पाला आहेच.

मुलींचे लोह

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी दर शंभरी ५९ जणींचे रक्त कमी आढळले. रक्त कमी असलेली मुलगी क्लासमध्ये दहा मिनिटांत धापा टाकते आणि सगळे तिला आळशी म्हणतात. ती आळशी नसते. तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे लोहच कमी असते.

यावर उपाय अवघड नाहीत. हिरव्या पालेभाज्या, बाजरी, कडधान्ये, अळीव रोजच्या खाण्यात असावेत. त्यावर लिंबू पिळावे किंवा जोडीला आवळा द्यावा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा देऊ नये, त्याने लोह शोषले जात नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आणि वर्षातून मिळणारी जंताची गोळी टाकून देऊ नये. थकवा तरीही राहिला, तर आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. मातीपरीक्षणाशिवाय खत घालू नका असे मी तुम्हाला सांगतो, तसेच हे आहे.

आणि भगिनींनो, अनेक घरांत मुलगी सर्वांत शेवटी, उरलेले खाते. क्लासहून आलेल्या मुलीला ताट आधी वाढा.

केव्हा खावे?

युरिया एकदम टाकत नाही, हप्त्याहप्त्याने देतो. अन्नाचेही तसेच. भरपेट जेवण क्लासच्या दोन-तीन तास आधी व्हावे. तासभर आधी केळे, राजगिऱ्याचा लाडू किंवा गूळ-भाकरीचा तुकडा पुरे. पहाटेचा क्लास असेल तर रिकाम्या पोटी मुळीच पाठवू नये, भोवळ येते. घरी आल्यावर तासाभरात भाकरी-डाळ-दूध मिळावे.

क्लासला निघण्यापूर्वी पाणी प्यावे आणि मध्ये दर पंधरा-वीस मिनिटांनी घोट घोट घ्यावे. "सरावात पाणी पिऊ नये" हा जुना समज चुकीचा आहे. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते असे समजावे. उन्हाळ्यात ताक किंवा मीठ-साखरेचे लिंबूपाणी उत्तम. झोपही खुराकच आहे. या वयाला रोज आठ ते दहा तास झोप हवी.

घरचा व्यायाम

क्लास आठवड्यातून तीन दिवस असेल, तर मधले दोन दिवस घरी अर्धा तास व्यायाम करावा. उरलेल्या दोन दिवसांपैकी एक दिवस हलके फिरणे-खेळणे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती असावी. क्रम असा ठेवावा:

१) पाच मिनिटे हळू पळणे. मग मान, खांदे, कंबर, गुडघे, घोटे हळूहळू फिरवून मोकळे करणे.

२) दोरीवरच्या उड्या, एक-एक मिनिट तीन वेळा. मध्ये मिनिटभर थांबावे.

३) बैठका दहा-दहाच्या दोन फेऱ्या. टाचा जमिनीवर टेकलेल्या हव्यात आणि गुडघे आत पडू नयेत.

४) दंड पाच ते आठ. जमत नसतील तर आधी भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून करावेत.

५) कोपर आणि पायाची बोटे टेकून शरीर फळीसारखे सरळ धरणे, वीस सेकंद, तीन वेळा.

६) एका पायावर उभे राहणे, प्रत्येकी अर्धा मिनिट. जमले की डोळे मिटून.

७) शेवटी मांड्या, पोटऱ्या, कंबर सावकाश ताणणे. ताण सुरुवातीला नव्हे, अंग गरम झाल्यावर द्यावा, आणि झटके देऊ नयेत.

दर आठवड्याला एक-दोन बैठका वाढवाव्यात, एकदम पन्नास नकोत. पोराने दिवसभर कापूस वेचला असेल किंवा उसाच्या मोळ्या वाहिल्या असतील, तर तो व्यायामच झाला. त्या दिवशी वरचा क्रम सोडून द्यावा.

सराव अनवाणी असतो. जागा आधी झाडून काटे, खडे, काचा काढाव्यात. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळणारी धनुर्वाताची लस चुकवू नये.

कुठे थांबावे?

या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो, कोवळ्या कोंबासारखा. गुडघ्याच्या खाली टेंगूळ येऊन दुखत असेल, किंवा टाच दुखत असेल, तर उड्या आणि बैठका बंद करून डॉक्टरांना दाखवावे. दुखणे सोसणे म्हणजे शौर्य नव्हे. कोवळ्या हातांनी विटा, कौले फोडण्याचे प्रयोग तर मुळीच करू देऊ नयेत. डोक्याला मार लागून उलटी, डोकेदुखी किंवा गुंगी आली, तर त्याच वेळी सराव थांबवून दवाखाना गाठावा.

सर्वांत घातक गोष्ट शेवटी सांगतो. स्पर्धेत वजनगट असतात. खालच्या गटात बसावे म्हणून काही मुले दोन दिवस उपाशी राहतात, पाणी तोडतात, घोंगडी गुंडाळून उन्हात पळतात. फुलोऱ्यात आलेल्या पिकाचे पाणी तोडल्यावर काय होते ते तुम्हाला सांगायला नको. दोन-तीन मिनिटांच्या लढतीसाठी वाढीचे वय पणाला लावू नये. मूल ज्या वजनाचे आहे त्याच गटात खेळू द्यावे, आणि उपाशी राहायला सांगणारा शिक्षक असेल तर क्लास बदलावा.

नवीन मूल क्लासला घालताना शिक्षकाला तीन गोष्टी विचारा: सरावात पाणी पिऊ देता का, लढतीच्या वेळी दात, डोके आणि नडगीचे रक्षण करणारे साहित्य वापरता का, आणि दुखले म्हणून मूल बाजूला बसले तर काय करता? उत्तरे नीट मिळाली तर खुशाल पाठवा. आणि उद्या सकाळी किटली भरण्यापूर्वी अर्ध्या लिटरचे माप घरात बाजूला काढा. डब्याचे दोन-तीन हजार रुपयेही वाचतील.