नत्राचा परतीचा मार्ग

दिल्लीच्या उत्तरेस वजिराबाद येथे यमुनेवर बंधारा आहे. तेथे अडविलेले पाणी वजिराबाद व चंद्रावल येथील जलशुद्धीकरण केंद्रांस पुरविले जाते. हिवाळ्यात प्रवाह मंदावला, की वरच्या भागातील सांडपाण्यामुळे या पाण्यातील अमोनिया वाढतो. दर लिटरमागे तो सुमारे १ मिलिग्रॅमच्या वर गेला, की केंद्रांचे काम मंद करावे लागते आणि राजधानीतील कित्येक नळ कोरडे पडतात. कारण जंतुनाशासाठी घातलेला क्लोरीन प्रथम अमोनियावरच खर्ची पडतो.

हा अमोनिया येतो कोठून? डाळ, दूध, धान्य यांतील प्रथिनांत नत्र असतो. आपले मलमूत्र आणि उरलेले अन्न यांबरोबर तो बाहेर पडतो. मोठी उपाहारगृहे व वसाहती यांनी ओल्या कचऱ्याचे खत अथवा गॅस करावा, असे २०१६ च्या नियमांनी सांगितले. हवाबंद टाकीत खरकटे कुजले म्हणजे त्यातील कार्बनाचा मोठा भाग मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड होऊन निघून जातो. नत्र मात्र अमोनियाच्या रूपाने पाण्यातच राहतो. गॅसने चूल पेटते खरी, परंतु हे पाणी तसेच नाल्यात सोडले, तर नदीचे दुखणे वाढेल.

यावरील उपाय निसर्गातच आहे. १८७७ साली श्लोसिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मैलापाणी वाळूच्या नळीतून झिरपविले. काही दिवसांनी अमोनियाच्या जागी नायट्रेट आढळू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ती क्रिया थांबली. अर्थात हे काम सजीवांचे होते. पुढे विनोग्राड्स्की यांनी हे जंतू वेगळे करून दाखविले. हवा मिळाली, की हे जंतू अमोनियाचे नायट्रेट करतात. हवा तोडली, की दुसरे जंतू नायट्रेटातील प्राणवायू घेऊन नत्र मोकळा करतात. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग असलेला तो निरुपद्रवी वायू मग आकाशात परततो.

पण येथे एक अडचण आहे. १ ग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट करण्यास सुमारे ४.६ ग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे पंप व वीज आली. शिवाय दुसऱ्या जंतूंना अन्न म्हणून कार्बन हवा, आणि तो तर गॅसबरोबर आधीच निघून गेलेला असतो!

ही कोंडी फोडणारे जंतू १९९० च्या दशकात नेदरलंड्समधील डेल्फ्ट येथे सापडले. निम्म्याहून थोड्या अधिक अमोनियाचे नायट्राइट केले, की हे जंतू उरलेल्या अमोनियाशी त्याचा संयोग घडवून सरळ नत्रवायू निर्माण करतात. त्यांना बाहेरून कार्बन नको आणि हवाही थोडीच पुरते. २००२ साली रॉटरडॅम येथे त्यांचे पहिले मोठे संयंत्र चालू झाले. मात्र त्यांची वाढ फार संथ असते. संख्या दुप्पट होण्यास दहा-अकरा दिवसही लागतात. एकदा ते वाहून गेले वा मेले, तर पुन्हा महिनोन्महिने वाट पाहावी लागते.

म्हणून खरकट्यापासून गॅस मिळाला, की काम संपले असे नव्हे. टाकीतून निघणाऱ्या पाण्यातील नत्र हवेत परत धाडला, तरच ते काम पुरे झाले.