सरावाच्या उड्डाणातील मृत्यू

स्कॉटलंडच्या लॉसीमाउथ तळावरून ३१ डिसेंबर १९४० रोजी एक दुइंजिनी 'वेलिंग्टन' बॉम्बफेकी विमान नवशिक्यांना मार्गशोधनाचा सराव देण्यासाठी निघाले असता डोंगराळ मुलुखावर हिमवादळाने त्यास गाठले, एक इंजिन निकामी झाले, आणि उरलेल्या एका इंजिनावर उंची टिकेना, असे पाहून वैमानिकाने सहकाऱ्यांना हवाई छत्र्यांनिशी उड्या टाकण्याचा हुकूम दिला. त्यानंतर दोघा वैमानिकांनी विमान लॉख नेस सरोवराच्या पाण्यावर उतरविले व ते सुखरूप काठास लागले. शेपटीकडील तोफची मात्र प्राणास मुकला. त्याची छत्री नीट उघडलीच नाही.

या विमानाचा पूर्ववृत्तांत ठाऊक असला म्हणजे ही घटना अधिकच जिव्हारी लागते. १८ डिसेंबर १९३९ रोजी हेल्गोलँडच्या उपसागरावर भर दिवसा गेलेल्या ज्या ब्रिटिश तुकडीची निम्मी विमाने जर्मन लढाऊ विमानांच्या माऱ्यात नष्ट झाली, तिच्यातून हे सहीसलामत परतले होते. त्या दिवसाच्या संहारानेच दिवसाउजेडी बॉम्बफेक परवडणारी नाही ही जाणीव वरिष्ठांच्या मनात दृढ केली, आणि ब्रिटिश हवाईदलाची बॉम्बर कमांड रात्रीच्या उड्डाणांकडे वळली. परंतु रात्री उडणे म्हणजे होकायंत्र, घड्याळ व वाऱ्याचा अदमास एवढ्याच आधारावर काळोखात मार्ग कंठणे होय; वाऱ्याचा अंदाज चुकला की नकाशावर समुद्र दिसावा तेथे प्रत्यक्षात पर्वत उभा असे, आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारे यंत्र खालच्या कड्याची वार्ता देत नसे. ही विद्या विशीबाविशीच्या पोरांना जेथे शिकवावयाची, त्या सराव-पथकांकडे आघाडीवर झिजलेली विमाने रवाना होत, कारण नवी विमाने मोहिमांनाच पुरत नसत. अननुभवी माणसे, जीर्ण यंत्रे व उत्तरेकडील हिवाळा ही त्रयी एकत्र आली, तेव्हा अपघात हा दैवाचा नव्हे, युद्धाच्या व्यवस्थेचाच भाग ठरला.

तोफच्याचे स्थान तर विशेष बिकट होते. शेपटीच्या टोकावरील बुरूज इतका अरुंद की छत्री अंगावर बाळगणे त्याला सहसा शक्य नसे. ती मागे विमानाच्या धडात ठेवलेली असे, आणि आणीबाणीत तेथवर हात पोहोचवून, ती अडकवून, मग बाहेर पडावे लागे.

लॉख नेसमधील कथित राक्षसाच्या शोधार्थ आलेल्या एका अमेरिकन पथकाच्या ध्वनिशोधक यंत्राने १९७६ साली सरोवराच्या तळाशी हे विमान टिपले, आणि १९८५ च्या सप्टेंबरात ते वर काढण्यात आले. अभियंता बार्न्स वॉलिसने योजिलेला, टोपलीच्या विणीसारखा तिरप्या पट्ट्यांचा सांगाडा पाण्यात पंचेचाळीस वर्षे टिकला होता. आज तो वेब्रिजजवळील ब्रुकलँड्सच्या संग्रहालयात आहे.

बॉम्बर कमांडच्या दप्तरी मृतांची संख्या ५५,५७३ आहे, आणि त्यांपैकी ८,००० हून अधिक जण शत्रूच्या प्रदेशावर नव्हे, तर सरावात वा अन्य बिगरमोहिमी उड्डाणांत गेले. ते सारे स्वेच्छेने भरती झालेले होते. मोहिमेची संख्या नावापुढे न लागल्यामुळे त्यांच्या मृत्यूला दुय्यम लेखण्याची जी सवय युद्धकथांनी लावली, ती मला अन्यायाची वाटते. कारण जर्मनीवर जाणाऱ्या प्रत्येक पथकाचे कौशल्य याच सराव-तळांवर, याच प्राणांच्या मोलाने घडले होते.