टँकच्या मापाचा मासा

आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि हॉलमधला सहा फुटी टँक रिकामा करायची वेळ आली. नळी लावून पाणी बाल्कनीच्या मोरीत सोडलं, ते संपायला तासाहून जास्त वेळ लागला. मग तळाशी उरली ओली वाळू, दोन सपाट दगड आणि समोरच्या काचेवर आतून उमटलेला बोटभर ओरखडा. आमच्या ऑस्कर माशाने दगड ढकलत काचेपर्यंत नेला होता, त्याची ती खूण.

डोंबिवलीतल्या आमच्या घरात मोठे मासे आले ते एका वाक्याच्या भरवशावर. १९९८ साली कुर्ल्याच्या मासेबाजारात ते मी पहिल्यांदा ऐकलं. रविवारची सकाळ होती. प्लास्टिकच्या पिशव्या फुगवून दोऱ्यांना टांगलेल्या आणि प्रत्येकीत चार-सहा पिल्लं. एका पिशवीत रुपेरी, काळ्या पट्ट्यांची, दोन-दोन इंचांची चार पिल्लं होती. दुकानदार त्यांना ‘शार्क’ म्हणाला. घरी दोन फुटी टँक आहे, मोठे होतील का हे, असं मी विचारलं. तो म्हणाला, “मासा टँकएवढाच वाढतो, भाऊ. काळजी करू नका.”

मी काळजी केली नाही. पुढची अनेक वर्षं हे वाक्य मीही नव्या लोकांना सांगितलं. त्याची खंत आजही वाटते.

तो शार्क नव्हता, पंगास होता. बाजारात त्याच्याच गोठवलेल्या तुकड्यांना ‘बासा’ म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. तो मूळचा आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीचा. अंडी घालायला तो त्या नदीत लांबचा प्रवास करतो, कळपाने राहतो आणि चार फुटांपर्यंत वाढतो. त्याला आम्ही दोन फुटांच्या काचेत ठेवलं होतं. रात्री ट्यूबलाइट लावली की चौघं एकदम उधळायचे आणि काचेवर आदळायचे. “अरे, आपटतायत बघ ते. आधी हळूच कोपऱ्यातला दिवा लावत जा,” असं आईने सुचवलं, आणि घरात तशी पद्धतच पडली. तरीही वर्षभरात एकाचं नाकाड फुटून तो गेला. उरलेले तीन फूटभर झाले, तेव्हा बदलापूरकडच्या ओळखीच्यांच्या विहिरीत सोडून आलो. त्या दिवशी मला वाटलं, सुटले बिचारे. आज मी असं कुठल्याही विहिरीत, तळ्यात किंवा नदीत करणार नाही.

त्या काळात मासे मरायचे आणि सगळे त्याला नशीब म्हणायचे. आमच्याकडे दर रविवारी टँकची ‘सफाई’ व्हायची. मासे बादलीत काढायचे, सगळं पाणी फेकायचं, दगडगोटे मिठाने चोळून नळाखाली धुवायचे, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून पांढरा करायचा. टँक चकचकीत दिसायचा आणि मंगळवार-बुधवारपर्यंत एखादा मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडत असायचा. पाणी स्वच्छ आहे मग मासा का जातो, हे कोडं मला चार वर्षं सुटलं नाही.

आम्ही धूत होतो तीच टँकमधली खरी मोलाची गोष्ट होती. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो, आणि अमोनिया त्याच्यासाठी विष आहे. स्पंजवर, वाळूवर, दगडांवर वाढणारे जीवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसऱ्या गटाचे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते बऱ्याच प्रमाणात सोसतं. साठलेलं नायट्रेट काढायला दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की पुरतं. नव्या टँकमध्ये हे जीवाणू जम बसवायला महिना ते दीड महिना घेतात. आम्ही दर रविवारी त्यांना धुऊन काढत होतो, वर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उरलेसुरले मारत होतो. हे उमगल्यावर मी सगळं पाणी बदलणं थांबवलं. पाव टँक बदलायचा, बादलीतल्या पाण्यात आधी क्लोरीन घालवणारा हायपो टाकायचा आणि स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात विसळायचा. त्यानंतर वर्षभर एकही मासा गेला नाही. मासे पाळणाऱ्याला एकच गोष्ट सांगायला मिळाली तर मी हीच सांगेन. जात, खाणं, औषधं हे सगळं नंतर.

२००२ साली चार फुटी टँक आणला आणि त्यात दोन ऑस्कर आले. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण ऑस्करसारखा मासा मी दुसरा पाहिला नाही.

ऑस्कर ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. शास्त्रीय नाव ॲस्ट्रोनोटस ओसेलॅटस. त्याच्या शेपटीच्या मुळाशी नारिंगी कडा असलेला काळा डोळा असतो, ‘ओसेलॅटस’ हे नाव त्यावरूनच. १८३१ मध्ये लुई अगासीने त्याचं पहिलं वर्णन केलं, तेव्हा तो समुद्रातला मासा असावा अशी त्याची समजूत झाली होती. आमचे दोघे आले तेव्हा अंगठ्याएवढे होते. पहिल्या वर्षात ते आठ इंचांवर गेले आणि दुसरं वर्ष सरताना मोठा वीतभराहून बराच लांब झाला. टँकमधली रोपटी त्यांनी पहिल्याच महिन्यात उपटली. तोंडात वाळू भरून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ओतायची, हा त्यांचा रोजचा उद्योग. मी ऑफिसमधून आलो की दोघं काचेशी यायचे. शेजारचे काका आले तर मागेच राहायचे. दाणा बोटांतून घ्यायचे आणि दाण्याबरोबर बोटही चाचपून बघायचे. टँकची मांडणी बदलली की धाकटा रुसून तळाला आडवा पडायचा. पहिल्यांदा तो मेला असं समजून आम्ही सगळे गोळा झालो होतो.

२००५ नंतरची काही वर्षं लोडशेडिंगची. दुपारी तीन-चार तास वीज नसायची. मी ऑफिसात, बाबा घरी. बाबा स्टुलावर बसून तांब्याने टँकमधलं पाणी उचलायचे आणि उंचावरून परत ओतायचे, म्हणजे हवा मिसळेल. दर पंधरा मिनिटांनी वीस तांबे, असा त्यांचा नेम होता. माशांवर माझ्याइतकाच त्यांचा जीव होता, पण ते कधी बोलून दाखवत नसत. पुढे वाचनात आलं की ऑस्कर पूरमैदानांतल्या ज्या तळ्यांत राहतो, तिथे रात्री पाण्यातला प्राणवायू फार खाली जातो, आणि अशा पाण्यात हा मासा कितीतरी तास तग धरतो. बाबांच्या तांब्याची खरी गरज ऑस्करला नव्हती, फिल्टरमधल्या जीवाणूंना होती. बंद पडलेल्या डबा-फिल्टरमध्ये पाणी साचून राहिलं की काही तासांत ते गुदमरून मरतात आणि वीज आल्यावर तेच सडकं पाणी टँकमध्ये येतं. हे समजल्यावर वीज गेली की फिल्टरचा स्पंज काढून टँकमध्येच ठेवायचा, अशी सोपी युक्ती सापडली. बाबांनी तांबे मात्र सोडले नाहीत.

धाकटा ऑस्कर २००९ मध्ये गेला. त्याच्या डोक्यावर बारीक खळगे पडायला लागले होते. ऑस्करमध्ये हा आजार नेहमी दिसतो, आणि जुनाट, साचलेलं पाणी आणि एकसुरी खाणं ही त्याची मोठी कारणं मानली जातात. दोन मोठ्या माशांना चार फुटी टँक म्हणजे अडीचशे लिटरच्या आसपास पाणी, हे कमी पडत होतं. दुकानदाराचं ते वाक्य त्या दिवशी माझ्या मनातून उतरलं. लहान टँकमध्ये मासा ‘बेतात’ राहत नाही. त्याची वाढ खुंटते, कारण पाण्यात घाण साठते आणि हलायला जागा नसते. पाठ वाकते, अंगाच्या मानाने डोळे मोठे दिसतात आणि पंधरा वर्षं जगू शकणारा मासा निम्म्यात जातो. माणसाला लहान आकार दिसतो आणि तो समजतो, मासा जुळवून घेतोय.

थोरल्यासाठी २०११ मध्ये सहा फुटी टँक करून घेतला. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे २४ घनफूट, काठोकाठ भरला तर ६८० लिटर. काच, वाळू, लोखंडी स्टँड धरून पाऊण टनाच्या वर वजन, आणि तेही जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर. राहत्या घराचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलोचा वापरभार धरून बांधतात. इंजिनिअर मित्राने बीम कुठून जातो ते दाखवलं आणि टँक भिंतीलगत त्या बीमवर आला. सोफ्याची जागा गेली, त्याबद्दल आईने कुरकुर केली नाही.

त्याच सुमारास शहरात आरोवाना आला. खरं तर आधीपासून होता, पण आता तो भरभराटीसाठी घरात ठेवायचा मासा झाला होता. आशियाई आरोवाना, ज्याला ड्रॅगन फिश म्हणतात, तो १९७५ पासून साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे जंगलातून पकडलेल्याचा व्यापार बंद. दुकानांत सहज मिळतो तो रुपेरी आरोवाना, दक्षिण अमेरिकेतला. त्याची पिल्लं बाप तोंडात सांभाळतो. पिवळी पिशवी पोटाला लटकत असतानाच ती विकायला येतात. बोटभर लांबीचं ते पिल्लू तीन फुटांचा मासा होणार, हे पिशवी हातात देताना कुणी सांगत नाही.

२०१२ मध्ये एका ओळखीच्या कुटुंबाने त्यांचा दोन फूट लांब आरोवाना मला घ्यायला लावला. व्यवसाय बसला होता आणि मासा अपशकुनी ठरला होता. त्याचा उजवा डोळा खाली ओढला गेला होता. टँकमध्ये ठेवलेल्या आरोवानात हा दोष वारंवार दिसतो. मूळ ठिकाणी हा मासा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि झुकलेल्या फांदीवरचा किडा उडी मारून टिपतो. आमच्याकडे झाकणावर दोन विटा ठेवाव्या लागत. दोन फूट रुंदीच्या टँकमध्ये वळताना तो अंग पूर्ण दुमडून घ्यायचा, अर्धवर्तुळ करायचा आणि मग परत सरळ व्हायचा. दिवसभरात शेकडो वेळा. इतका मोठा टँक घेतल्याचा मला अभिमान होता. त्या वळण्याकडे बघता बघता तो विरत गेला.

थोरला ऑस्कर २०१६ मध्ये गेला, चौदा वर्षांचा होऊन. आरोवाना २०२१ मध्ये. त्याच्यानंतर मी मोठा मासा आणला नाही.

या पंचवीस वर्षांत छंदाची साधनं कितीतरी सुधारली. अमोनिया मोजायची किट मिळते, बॅटरीवरचे पंप मिळतात, दाणा चांगला मिळतो. विकल्या जाणाऱ्या माशांची मापं मात्र वाढत गेली. ॲलिगेटर गार, रेडटेल कॅटफिश, चार इंचांच्या पिशवीतून मीटरभर वाढणारे. ते घरात मावेनासे झाले की माणसं तेच करतात जे मी बदलापूरला केलं. २०१८ च्या पुरानंतर केरळच्या नद्यांत ॲरापायमा सापडला. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार निघाला. काच साफ करायला म्हणून घरोघरी ठेवलेला सकर मासा पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत इतका माजलाय की तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यांचं आणि माशांचं नुकसान होतंय. विकणाऱ्याने पिशवीवर पूर्ण वाढलेल्या माशाची लांबी लिहावी, एवढा एक नियम झाला तरी पुष्कळ होईल असं मला मनापासून वाटतं.

टँक रिकामा झाल्यावर पुढच्या महिन्यात आम्ही महाडजवळ वाळणकोंडीला गेलो. देवीच्या ठिकाणचा नदीतला डोह, आणि त्यातले मासे देवीचे म्हणून कुणी धरत नाही. महसीर आहेत, खवले दुरूनही मोजता येतील असे. आईने चुरमुरे टाकले. पाच-सहा वर आले. त्यातला एक हातभर लांब, आमच्या आरोवानाएवढा. त्याने चुरमुरा घेतला, शेपटीचा एकच फटका मारला आणि सरळ रेषेत खोल पाण्यात गेला. आम्ही बराच वेळ बघत उभे राहिलो, पण तो कुठे वळला ते दिसलं नाही.